पोटदुखीचा चेहरा

त्या मंगळवारी तराजूसाहेब रक्तदाबाच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेले आणि गोळ्या न घेता, नुसता रक्तदाब घेऊन परत आले.

झालं असं, की काउंटरवर पुठ्ठ्याचा एक माणूस उभा केला होता, कमरेपासून वरचा. डोळे बारीक झालेले, ओठ वाकडे, कपाळावर मोजून चार आठ्या, गळ्यात राखाडी मफलर आणि दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले. डोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'हा चेहरा तुमचा आहे का?' आणि खाली, 'मग आजच घ्या सुखोदर पाचक गोळ्या.' तराजूसाहेबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत लावला. जाहिरातीने विचारलेल्या प्रश्नाला त्यांच्यापुरतं एकच प्रामाणिक उत्तर होतं. चेहरा त्यांचाच होता.

"साहेब, तुम्ही जाहिरातीत काम करता हे कधी बोलला नाहीत," दुकानदार कौतुकाने म्हणाला. "खप जोरात आहे हं. गिऱ्हाईक म्हणतात, बाकीच्या जाहिरातींत नुसता अभिनय असतो, हा माणूस खरंच कळवळलाय."

तराजूसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं त्यांनी दुकानांतले काटे तपासले, मापांवर शिक्के मारले आणि वीस ग्रॅमने खोटं बोलणाऱ्या वजनांना जप्त करून पेटीत घातलं. या काळात त्यांच्या चेहऱ्यावर कुठलाही भाव कोणी पाहिला नव्हता. भाव दाखवला की समोरचा घासाघीस करतो, असं त्यांचं मत होतं. असा माणूस आता चौकाचौकांत पोट धरून उभा होता.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण ती तराजूसाहेब स्वतः कोणाला सांगणार नव्हते. तो फोटो कुठला आहे हे त्यांना पाहताक्षणी कळलं होतं. तो बसस्थानकावरचा होता, आणि त्या दिवशी ते बसस्थानकावर गेलेच नव्हते. म्हणजे गेले होते, पण गेले नव्हते असं घरात ठरलेलं होतं.

त्यांना एकच मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. ठकीने परीक्षा देऊन बापाच्याच खात्यात नोकरी मिळवली, तीन वर्षं काटे तपासले आणि एका सकाळी राजीनामा देऊन सांगितलं की मी पवनचक्क्या दुरुस्त करायला चालले. पवनचक्क्या बसने बारा तासांवर आणि जमिनीपासून ऐंशी मीटर. तराजूसाहेबांनी दोन्ही आकडे ऐकले, गच्चीची उंची मनात नऊ मीटर धरली, ऐंशीला नवाने भागलं आणि त्यांचं तोंडच कडू झालं. खूप वादावादी झाली. शेवटी ते म्हणाले, "जायचं तर जा. मी सोडायला येणार नाही." ठकी म्हणाली, "नका येऊ."

निघायच्या सकाळी "दाढ दुखतेय, दाताच्या डॉक्टरकडे जातो" असं सांगून ते सहा वाजताच बाहेर पडले आणि थेट बसस्थानकावर जाऊन खांबामागे उभे राहिले. बस सुटली. ते दोन तास रस्त्यांवरून फिरून घरी आले आणि दाढ बरी आहे म्हणाले. या गोष्टीला सोळा महिने झाले. दर रविवारी ठकीचा फोन येई आणि बापलेकीचं बोलणं आईमार्फत चाले. "बाबांना सांग, पगार वाढला." "तिला सांग, ऐकलं." मनातून त्यांना तिच्याशी बोलायची इतकी ओढ होती की रविवारी ते फोनच्या बाजूच्या खुर्चीवर अर्धा तास आधी पेपर घेऊन बसत. पण मी आलो होतो हे कबूल करायचं, म्हणजे सोळा महिने ताठ ठेवलेली मान खाली घालायची.

आता तीच मान पुठ्ठ्यावर छापून आली होती. चेहरा परत मागावा, तर तो कुठे हरवला हे सांगावं लागणार. न मागावा, तर सगळ्या गावापुढे पोटदुखी.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी, कॉलनीच्या भाषेत काकू, सुखोदरचं, तोच चेहरा छापलेलं एक खोकं घेऊनच घरी आल्या आणि त्यांनी ते चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"हा मफलर मी विणलाय," त्या म्हणाल्या.

"असले राखाडी मफलर छप्पन्न असतात."

"तिसऱ्या ओळीत टाका सुटलेला एकच आहे. हे कधीचं?"

तराजूसाहेबांनी चहाचा घोट घेतला. तो गरम होता, त्यामुळे थोडा वेळ मिळाला. "दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो ना, तेव्हाचं. दवाखान्याबाहेर कोणीतरी काढला असेल. दाढ ठणकत होती."

"दाढ ठणकताना पोट कशाला धरलंत?"

"कळ खाली उतरते कधीकधी," तराजूसाहेब म्हणाले. काकूंनी खोकं फडताळात ठेवलं आणि दार जरा जास्तच हळू लावलं, ते तराजूसाहेबांना अजिबात आवडलं नाही.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. कॉलनीत आजवर त्यांना कोणी तब्येत विचारत नसे, कारण ते उत्तर म्हणून नाडीचे ठोके सांगत. आता जिन्यात, दारात, भाजीच्या दुकानात लोक त्यांच्या पोटाकडे बघून बोलू लागले. वरच्या मजल्यावरून तीन प्रकारचे काढे आले. बागेतल्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ शेजारी येऊन बसले आणि "तुम्हालाच कळेल" अशी सुरुवात करून त्यांनी स्वतःच्या आतड्याचा पस्तीस मिनिटांचा इतिहास सांगितला. तराजूसाहेब ऐकत राहिले. उठून जावं तर तो म्हणणार, बघा, यांनाही घाई लागली.

सल्ल्यांचा मुख्य पुरवठा तळमजल्यावरून होता. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण समोर दोन माणसं उभी दिसली की त्यांचा हात अजून खडू शोधायचा. ते म्हणाले, "तुम्ही दाढी वाढवा. जाहिरात आपोआप खोटी पडेल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "वाढवू नका. वाढवलीत तर तो तुम्हीच हे सिद्ध कसं करणार?" तराजूसाहेबांनी एका दिवसाची वाढलेली दाढी निमूटपणे उतरवली.

मग त्यांनी खात्याची रीत धरली आणि कंपनीला तीन पानी अर्ज लिहिला. 'विषय: माझा चेहरा परत मिळणेबाबत.' खाली संदर्भ, परिच्छेदांना क्रमांक, शेवटी सही आणि सहीखाली हुद्दा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, 'आपल्या पोटाच्या तक्रारीबद्दल आम्हाला खेद वाटतो. गोळ्या जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर घ्याव्यात.' तराजूसाहेबांनी दुसरा अर्ज लिहिला, त्यात 'पोट' हा शब्द कुठेही येणार नाही याची काळजी घेतली. या वेळी कायदा विभागाचं पत्र आलं. सदर छायाचित्र एका चित्रसंग्रहाकडून रीतसर विकत घेतलेलं आहे, संग्रहाच्या नोंदीत त्यातल्या व्यक्तीसमोर 'ओळखू न येणारी' असं लिहिलेलं आहे, सबब तिच्या संमतीचा प्रश्न उद्भवत नाही. आपण तीच व्यक्ती असल्याचा दावा असेल तर तो पुराव्यानिशी सिद्ध करावा.

चौतीस वर्षं लोकांनी त्यांच्यापुढे वजनं सिद्ध केली होती. स्वतःला सिद्ध करायची वेळ पहिल्यांदाच आली होती. ते वकील शोधायला निघाले.

चपलांच्या दुकानावर, अरुंद जिन्याच्या वर एका वकीलबाईचं ऑफिस होतं. वयाने ठकीएवढीच मुलगी, टेबलावर फायलींचा ढीग, आणि खोलीभर नव्या चामड्याचा वास. तिने खोकं हातात घेतलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा खोक्याकडे पाहिलं. तिला हसू आलं असणार, पण तिने ते फाईल उघडण्याच्या निमित्ताने आवरलं. त्याबद्दल तराजूसाहेबांना ती लगेच आवडली.

"काका, फोटो ज्याने काढला त्याचा. चेहरा तुमचा," ती म्हणाली. "रस्त्यावर तुम्ही दिसलात, त्याने फोटो काढला, प्रदर्शनात लावला, तर आपण फार काही बोलू शकत नाही. पण तोच चेहरा कोणी माल विकायला वापरला की तुमची लेखी संमती लागते. म्हणजे एका कागदावर दोन मालक आहेत. एकाने विकलं, दुसऱ्याला विचारलंच नाही."

"म्हणजे वजन दुकानदाराचं, पण शिक्का खात्याचा," तराजूसाहेब म्हणाले. "शिक्क्याशिवाय वापरलं की गुन्हा."

"अगदी तसंच. फक्त तो तुम्हीच हे दाखवावं लागेल. हा कुठे काढलाय?"

तराजूसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आठवत नाही," ते म्हणाले.

वकीलबाईने वहीत लिहिलं आणि पुढची कामं सांगितली. ओळखपत्र, एका प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला, आणि फोटोग्राफरचा शोध.

ओळखपत्राने पहिला दगा दिला. ओळखपत्राचा फोटो काढताना हसू नका, रडू नका, सरळ बघा असं सांगतात. तराजूसाहेबांना हे सांगावं लागलंच नव्हतं. त्यामुळे ओळखपत्रावरचा माणूस आणि खोक्यावरचा माणूस शेजारी ठेवले तर दोघांची साधी तोंडओळखही नसावी असं वाटे. दुसरा दगा मुख्याध्यापकांनी दिला. त्यांनी आपण होऊन दाखला लिहिला, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. 'सदर गृहस्थांना मी बावीस वर्षे ओळखतो. त्यांच्या मुद्रेवर या काळात कोणताही विकार मी पाहिलेला नाही. प्रस्तुत चित्रातील भाव त्यांच्या ठायी संभवतो असे मला वाटत नाही, तथापि मफलर त्यांचा आहे.'

"हे कोणाच्या बाजूने लिहिलंय?" वकीलबाईने विचारलं.

"सत्याच्या," तराजूसाहेब कष्टाने म्हणाले. त्यांना राग आला होता, पण दाखला वजनात चोख होता हे त्यांना नाकारता येईना.

फोटोग्राफर मात्र सापडला. चित्रसंग्रहाने त्याचा पत्ता दिला आणि तो वाचून तराजूसाहेबांनी कागदाची घाईने घडी करून खिशात घातली. दुकान बसस्थानकासमोरच होतं. वकीलबाईला ते म्हणाले, "तुम्ही कशाला येता, मी एकटाच जातो."

दुकान जेमतेम दोन खुर्च्यांचं. एक भिंत पांढरी, तिच्यासमोर स्टूल, वर दोन दिवे. फोटोग्राफर साठीकडे झुकलेला, हळू बोलणारा माणूस होता. तराजूसाहेबांनी तोंडपाठ केलेलं भाषण सुरू केलं, "महाशय, आपण माझ्या अपरोक्ष", पण तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "तिसरा खांब." मग आत जाऊन एक मोठा फोटो घेऊन आला.

हा पूर्ण फोटो होता. खोक्यावर चेहरा आणि हात तेवढे कापून घेतले होते. इथे खांब होता, फलाट क्रमांक चारची पाटी होती, कोपऱ्यात निघालेल्या बसची मागची बाजू होती. आणि तराजूसाहेबांनी पोट धरलेलं नव्हतंच. दोन्ही हातांनी त्यांनी खाकी कागदातलं एक पुडकं छातीपोटाशी कवटाळलं होतं. कंपनीने पुडकं खोडलं होतं आणि हात तसेच ठेवले होते.

"मी मोकळ्या वेळात फलाटावर फोटो काढतो," फोटोग्राफर म्हणाला. "येणाऱ्यांचे, जाणाऱ्यांचे. हा मी संग्रहाला 'निरोप' नावाने दिला होता. त्यांनी कुठे 'वेदना' या खणात टाकला असेल. मी गोळ्यांसाठी नव्हता दिला हो. खोकं पाहिलं तेव्हा मला दोन दिवस दुकान उघडावंसं वाटेना."

"मला विचारायचंत तरी."

"तीन मिनिटं मी तुमच्याकडे बघत उभा होतो. हाक मारायचा धीर झाला नाही." त्याने फोटो जाड पाकिटात घातला आणि त्यांच्या हातात दिला. "हा घेऊन जा. कुठे दाखवायचा तर दाखवा, मी लिहून देतो की संमती घेतली नव्हती. माझी चूक आहेच."

त्या पाकिटात अख्खी केस होती. जागा, पाटी, पुडकं, मफलर, सगळं. तराजूसाहेबांनी ते पाकीट आणि चिठ्ठी बॅगेच्या तळाशी, रुमालाखाली ठेवली आणि वकीलबाईला सांगितलं की फोटोग्राफर भेटला नाही. बोलताना त्यांचे कान गरम झाले.

त्यामुळे कंपनीच्या ऑफिसात सुनावणीला गेले तेव्हा त्यांच्या बाजूला होतं एक निर्विकार ओळखपत्र, एक मुख्याध्यापकी दाखला आणि एक मफलर. कंपनीच्या बाजूला लांबलचक टेबल, गार हवेचं यंत्र, आणि एक गोड बोलणारे व्यवस्थापक. भिंतीवर तराजूसाहेब स्वतः पुरुषभर उंचीचे लावलेले होते आणि पोट धरून सगळ्यांकडे बघत होते.

"आम्हाला तुमच्याबद्दल आदरच आहे," व्यवस्थापक म्हणाले. "पण साम्य दिसत नाही हो. आमच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय यातना आहेत बघा. तुम्ही तर शांत गृहस्थ. असं करा ना, एकदा तो चेहरा करून दाखवा. पटला तर विषयच मिटला."

वकीलबाई "हे बरोबर नाही" म्हणायला उठली, पण तराजूसाहेब आधीच उठले होते. काट्याची परीक्षा मागितली की काटा पुढे करायचा, ही सवय. त्यांनी डोळे बारीक केले. व्यवस्थापक म्हणाले, हे चष्म्याचा नंबर वाढल्यासारखं दिसतंय. त्यांनी ओठ वाकडे केले. कोपऱ्यात बसलेली टंकलेखिका म्हणाली, माझे मामा असेच शीळ घालतात. मग त्यांनी दोन्ही हातांनी पोट धरून कपाळावर आठ्या आणायचा प्रयत्न केला. आठ्या दोनच आल्या. चहा घेऊन आलेल्या शिपायाने घाबरून विचारलं, "साहेबांना मोरीकडे नेऊ का?"

"बघा," व्यवस्थापक हळहळून म्हणाले, "नाही जमत. तुमचा दोष नाही, तो माणूस वेगळाच आहे. तरीही तुम्हाला आवड असेल तर पुढच्या जाहिरातीसाठी आम्ही तुम्हाला नक्की बोलावू."

खाली उतरताना पहिल्या मजल्याच्या जिन्यावर तराजूसाहेब मटकन बसले. वकीलबाईही एक पायरी सोडून बसली.

"काका, एक विचारू? तेव्हा नक्की काय दुखत होतं?"

तिच्या आवाजात वकिली नव्हती. ऐंशी मीटरवरून उतरून ठकीने विचारावं तसं ते त्यांना वाटलं, का कोण जाणे. त्यांनी बॅग उघडली, रुमाल बाजूला केला आणि पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं. मग ते सांगू लागले. वाद, दाढ, खांब, पुडकं. "मुलगी खिडकीशी बसली होती. मान वळवून वळवून बघत होती. मी अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि परत मागे घेतलं. बस निघाली तेव्हा..." आणि पुढचं वाक्य त्यांना बोलता येईना. डोळे बारीक झाले, ओठ वाकडे झाले, दोन्ही हातांनी त्यांनी बॅग छातीशी धरली.

वकीलबाई बघत राहिली. "हाच," ती हळूच म्हणाली. "मोजून चार आठ्या." मग तिने स्वतःचा रुमाल पुढे केला, आणि तो परत घेताना तिचंही नाक लाल झालेलं होतं.

आता प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वकीलबाईने सुचवलं की 'काही खासगी कारणास्तव बसस्थानकावर उपस्थित होतो' एवढं पुरेल. तराजूसाहेबांनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तोंडी खोटं त्यांनी सोळा महिन्यांहून जास्त खपवलं होतं. लेखी खोटं त्यांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं, आणि कमी भरलेलं माप हे त्यांच्या लेखी खोटंच होतं. त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतः लिहिलं.

'मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, मी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांपासून फलाट क्रमांक चारवर, डावीकडून तिसऱ्या खांबामागे उभा होतो. दाढ दुखत नव्हती. पोट दुखत नव्हते. माझी मुलगी दूरच्या कामावर जात होती आणि मी तिला सोडायला येणार नाही असे सांगितले होते, ते खरे नव्हते. माझ्या हातातील पुडक्यात चामड्याचे हातमोजे होते, तिच्या जुन्या हातमोज्यांवरून माप घेऊन आणलेले, दोर धरण्यास योग्य. ते देण्याचे धैर्य झाले नाही. छायाचित्रात दिसणारे रडणे माझे असून ते अंदाजे तीन मिनिटे चालले. ते कोणत्याही औषधाच्या विक्रीसाठी नव्हते.'

वकीलबाईने कागद दोनदा वाचला. "यात मी एक अक्षर बदलणार नाही," ती म्हणाली. "फक्त त्या दिवशी त्या बसने कोण गेलं, याला दुजोरा लागेल. तुमच्या मुलीला एक प्रत पाठवावी लागेल." तराजूसाहेबांनी मान हलवली. सही झाल्यावर माणूस बेफिकीर होतो. ठकीच्या प्रतीचं पाकीट त्याच दिवशी टपालात पडलं आणि दुसरं कंपनीकडे गेलं.

घरी येऊन त्यांनी तिसरी प्रत काकूंपुढे ठेवली. "वाच. काही चूक असेल तर सांग," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

काकूंनी सावकाश वाचलं. "दाढेचं मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "दाढ दुखणारा माणूस संध्याकाळी चार कडक टोस्ट खातो का? हातमोजेही मी पाहिले होते, कपाटात, तुमच्या वजनांच्या पेटीमागे. मला वाटलं माझ्यासाठी आणलेत. घालून बघितले, मोठे झाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गुरुवारी कंपनीचं पत्र आलं. पूर्ण छायाचित्र आणि फोटोग्राफरची चिठ्ठी पाहून कायदा विभागाचा सूर एकदम खाली आला होता. तीस दिवसांत सगळी खोकी आणि फलक मागे घेतो, झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहोत, आणखी कोणत्याही पुराव्याची आवश्यकता नाही. वकीलबाईने फोनवर अभिनंदन केलं. तराजूसाहेबांना आनंद झाला, तो साधारण चार सेकंद टिकला. आणखी पुराव्याची आवश्यकता नाही, म्हणजे ठकीला पाठवलेली प्रत उगाचच गेली होती.

ते तडक टपाल कार्यालयात गेले. पाकीट परत मागवण्याचा अर्ज असतो. तो तीन प्रतींत भरायचा असतो. खिडकीपलीकडच्या बाईंनी तिन्ही प्रती तपासल्या, कारणाच्या रकान्यात 'पुनर्विचार' लिहिलंय ते चालणार नाही म्हणून परत दिल्या, 'घाईत पाठवले' असं लिहून घेतलं, शिक्का मारला आणि मग संगणकात बघून म्हणाल्या, "हे काल सकाळीच पोचलंय. सही करून घेतलंय." तराजूसाहेब बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले. समोरच्या दुकानातला कामगार त्यांचा पुठ्ठ्याचा पुतळा काखेत मारून आत नेत होता. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते डोळ्यांसमोर होत होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. काल पोचलं. काल फोन आला नाही. आज सकाळीही आला नाही. ठकी काय म्हणेल, काही म्हणेल की नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

रविवारी येणारा फोन शुक्रवारी दुपारी आला. काकूंनी उचलला. "हो... हो, बाबांनीच लिहिलंय, अक्षर बघ की... बरं, सांगते त्यांना," म्हणता म्हणता त्या थांबल्या आणि त्यांनी फोन कानापासून दूर केला. "ती म्हणते, सांगू नकोस. त्यांना दे."

तराजूसाहेब उठून उभे राहिले. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"बाबा."

"हं."

"मागे वारा आहे. ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"कागद वाचला. एक शंका आहे. डावीकडून तिसरा खांब म्हणजे चौकशीच्या खिडकीकडून मोजायचा, का पाण्याच्या नळाकडून?"

"चौकशीच्या खिडकीकडून," तराजूसाहेब म्हणाले. "बसकडे तोंड केलं की डावी बाजू तीच."

पलीकडे वाऱ्याचा आवाज कमी झाला, तिने फोन तोंडाजवळ आणला असावा.

"मी खाली उतरले होते, बाबा. आई पाण्याची बाटली भरायला गेली तेव्हा. मला वाटत होतं, तुम्ही कुठेतरी असणार. पहिल्या खांबामागे बघितलं. दुसऱ्यामागे बघितलं. तेवढ्यात कंडक्टरने शिट्टी मारली."

तराजूसाहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्याने एक मिनिट आधी मारली," ते म्हणाले. "सहा चव्वेचाळीसला. बसची वेळ सहा पंचेचाळीस. मी घड्याळ बघितलं होतं. लेखी तक्रार करणार होतो."

"मग का नाही केली?"

"मी तिथे होतो असं लिहावं लागलं असतं."

ठकी हसली, आणि हसता हसता तिचा आवाज भरून आला. मग तिने नाक ओढलं. "पुढच्या महिन्यात आठ दिवस सुट्टी मिळतेय. बस पहाटे पाचला पोचते. एवढ्या पहाटे स्टँडवर येऊ नका हं, गारठा असतो."

"मी येणार आहे," तराजूसाहेब म्हणाले. "खांबाच्या पुढे उभा राहीन."